राजीमची तिथी आणि दगडाचे वय

महानदीला पैरी आणि सोंढूर या नद्या जेथे मिळतात, तेथे राजीम हे क्षेत्र आहे. तेथील राजीवलोचनाच्या देवळात मंडपाच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. रतनपूरच्या कलचुरि राजांचा मांडलिक जगपालदेव याने रामाचे देऊळ बांधल्याची हकीकत त्यात असून त्याचा काळही दिला आहे. कलचुरि संवत्सर ८९६, माघ मास, शुक्ल पक्ष, रथाष्टमी, बुधवार. आपल्याकडे महाराष्ट्रात सप्तमीला सूर्याचा रथ काढतात, तिकडे अष्टमी मानली गेली आहे. पण तो प्रश्न आज आपल्यापुढे नाही.

आपल्यापुढचा प्रश्न असा की, हा काळ आपण आपल्या सनात मांडायचा कसा, आणि मांडल्यावर तो खरा कशावरून समजायचा? कलचुरि संवत लोकव्यवहारातून केव्हाच नाहीसा झाला होता. त्याचा आरंभ कोणत्या वर्षी धरावा हे परंपरेने सांगणारा कोणी एकोणिसाव्या शतकात उरला नव्हता. ज्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे संस्कृत शिकवले त्या कीलहॉर्न यांनी, आणि पुढे नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी, हा आरंभ गणिताने शोधून काढला. मिराशींचा कलचुरि-चेदि लेखांचा बृहत्संग्रह १९५५ साली प्रसिद्ध झाला, तो ज्यांनी चाळला असेल त्यांना ही चिकाटी ठाऊक आहे.

युक्ती ऐकायला सोपी आहे. तिथी चंद्रावर अवलंबून असते. वार कशावरच अवलंबून नसतो, तो सात-सात दिवसांनी आपला येतच राहतो. एखाद्या वर्षी माघ शुद्ध अष्टमीला बुधवार असेल, तर पुढल्या वर्षी तो बहुधा नसतो. म्हणून संवताचा आरंभ अमुक वर्षी होता असे गृहीत धरायचे, त्या हिशेबाने लेखातल्या तिथीला कोणता वार पडतो ते काढायचे, आणि लेखातल्या वाराशी ताडून पाहायचे. एका लेखात वार योगायोगाने जुळेल. दहा, वीस, तीस लेखांत एकाच आरंभाने वार जुळत गेले, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. इसवी सन २४८ च्या आसपासचा आरंभ धरला की हे वार जुळतात. राजीमच्या लेखाचा दिवस मग निघतो ३ जानेवारी ११४५. आणि त्या दिवशी बुधवारच होता.

येथे कोणी विचारील, “पण आपण त्या दिवशी राजीमला होता काय?” नव्हतो. आणि असण्याची जरूरीही नव्हती. तिथी आणि वार ही दोन घड्याळे एकमेकांना विचारून चालत नाहीत. ती दोन्ही एकच वेळ दाखवीत असतील, तर साक्षीदार हजर असल्यासारखेच आहे. श्रोतेहो, ही गोष्ट कृपा करून लक्षात असू द्यावी. कारण आता आपल्याला नऊशे वर्षांच्या आतल्या या अक्षरांकडून फार मागे जायचे आहे.

राजीमहून रायपूरकडे निघाले की वाटेत अभनपूर लागते. रायपूरहून धमतरीला जाणारी रेल्वेची छोटी लाइन १९०० साली सुरू झाली. तिचा राजीमकडचा फाटा अभनपूरलाच फुटत असे, म्हणून हे गाव त्या मुलखात जंक्शन म्हणून ओळखले गेले. आता २०२५ पासून रायपूर-अभनपूर मोठ्या लाइनीवर गाडी धावू लागली आहे. भोवताली भाताची सपाट शेते. तेथला शेतकरी जमिनीच्या चार जाती सांगतो : भाठा, मटासी, दोर्सा आणि कन्हार. तांबड्या मुरमाड भाठ्यापासून काळ्या कन्हारपर्यंत ही उतरंड जाते. या मातीच्या खाली सगळीकडे चुनखडक आणि शेलचे थर पसरलेले आहेत. रायपूरकडे घराघरांत जी फरशी दिसते ती याच खडकाची, भिलाईच्या भट्ट्यांना लागणारा नंदिनीचा चुनखडक याच कुळातला, आणि तिल्दा, बलौदाबाजारकडचे सिमेंटही यावरच उभे आहे. सुमारे ३३ हजार चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश एके काळी उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्रात मासा नव्हता, शिंपला नव्हता. होती ती फक्त नील-हरित शैवालांची बुळबुळीत चादर. तिच्यावर गाळ बसे, शैवाल पुन्हा वर येई, पुन्हा गाळ बसे. अशा रीतीने वाढलेले थरांचे गड्डे आजही फुटलेल्या दगडात, कोबी मधोमध कापावी तसे दिसतात. शास्त्रज्ञ त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात.

हा समुद्र कधीचा?

मराठी माणसाने हा प्रश्न परक्या मुलखाचा समजू नये. बिंबाजी भोसल्यांपासून छत्तीसगड हा नागपूरकरांच्या राज्याचा भाग होता. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, आणि थेट १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. येथल्या खडकांचा पहिला व्यवस्थित विचार झाला तोही या नागपूरच्या परिसरातूनच. तो विचार करणारा मनुष्य सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता. तो पाद्री होता.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरास आले. शाळा चालवावी, गोंडांची भाषा आणि चालीरीती टिपून ठेवाव्यात, धर्मोपदेश करावा, आणि हातोडी घेऊन टेकड्या हिंडाव्यात असा त्यांचा क्रम होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या एका जुन्या तळ्याचा गाळ शोधला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, वनस्पतींची फळे, बिया असे अश्मीभूत अवशेष सापडले. लाव्हा वाहिला, थंडावला, त्यावर तळे साचले, तळ्यात जीव नांदले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. ज्याने ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली त्याला सह्याद्री एका दिवसात उभा राहिला असे म्हणता येणे कठीण आहे. नागपूरच्या भूस्तरांवरचा या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात आला. त्याच वर्षी हिस्लॉपना मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केले.

आता बायबलवर निस्सीम श्रद्धा असलेल्या या माणसाला हे सगळे कसे पचले असेल? आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलातल्या वंशावळींवरून हिशेब करून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरवला होता. पण फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष टॉमस चामर्स यांनी फार आधीच असे मांडले होते की, उत्पत्तीच्या कथेतल्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये वाटेल तेवढा काळ गेलेला असू शकेल. त्याच चर्चच्या वृत्तपत्राचा संपादक ह्यू मिलर हा मूळचा पाथरवट. त्याच्या मते सृष्टीचे दिवस म्हणजे प्रदीर्घ युगेच होती. हिस्लॉप याच वातावरणात घडलेले होते. त्यांच्या भूशास्त्रीय लेखांत थरांची युगे जशी येतात तशी शांतपणे येतात. त्यात धर्मसंकटाचा सूर लागत नाही. १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाट येथील शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना, पुराच्या पाण्यात ते वाहून गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून त्यांचे नाव चालवीत आहे.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, पृथ्वीच्या मोठ्या वयाविरुद्धचे भांडण हे धर्म आणि शास्त्र यांचे सनातन भांडण आहे अशी आपली समजूत करून दिलेली असते. ती बरोबर नाही. विसाव्या शतकात जे भांडण पेटले ते एकोणिसाव्या शतकातल्या कडव्या पाद्र्यांनासुद्धा नवे वाटले असते.

मात्र हिस्लॉपना एक गोष्ट करता येत नव्हती. हा थर त्याच्यापेक्षा जुना एवढे ते सांगत; किती वर्षांनी जुना, हे सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी निवत आली आहे असे धरून तिचे वय दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षे काढले. १८९७ पर्यंत ते दोन ते चार कोटींवर आणले. गणितात चूक नव्हती, गृहीतात होती. त्यांचाच एके काळचा सहायक जॉन पेरी याने १८९५ मध्ये दाखवून दिले की, पृथ्वीचे पोट आतून ढवळले जात असेल तर हा हिशेब कोसळतो. पेरीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. नंतर किरणोत्सर्गाचा शोध लागला, आणि घड्याळच हाती आले. १९०७ मध्ये बोल्टवुडने युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून खनिजांची वये काढली. ती ४१ कोटींपासून २२० कोटींपर्यंत गेली. आर्थर होम्स यांनी पुढे आयुष्य याच कामात घातले. १९५५ मध्ये त्यांनी भारताच्या द्वीपकल्पातल्या अतिप्राचीन खडकांच्या वयांचाही आढावा घेतला. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्का आणि पृथ्वी यांतल्या शिशाची तुलना करून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले. हा आकडा अद्याप जागचा फारसा हललेला नाही.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. कार्बन-१४ ही पद्धत आपल्याकडे अधिक परिचित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी तिची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि आपल्या पुरातत्त्वज्ञांना तिचा मोठा लाभ झाला. पण ती पद्धत कोळसा, हाड, लाकूड यांची. आणि तीही सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे पोचत नाही. अभनपूरच्या चुनखडकाला ती लावणे म्हणजे धान्याच्या तराजूत डोंगर तोलणे आहे. निर्मितिवादी लेखकांच्या पुष्कळ आक्षेपांचा उगम या एका घोटाळ्यात असतो.

निर्मितिवादी म्हणजे कोण? बायबलातली सहा दिवसांची कथा अक्षरशः खरी, पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची, आणि सगळे थर नोहाच्या जलप्रलयात साचले असे मानणारा हा पंथ. अमेरिकेत व्हिट्कम आणि मॉरिस यांच्या १९६१ च्या ग्रंथाने त्याला नवे बळ दिले. त्यांचे आक्षेप वेडगळ म्हणून उडवून लावण्याची आपल्या विद्वानांची रीत मला पसंत नाही. आक्षेप योग्य आहेत; प्रत्येक प्रामाणिक विद्यार्थ्याने ते विचारलेच पाहिजेत. वाळूच्या घड्याळाच्या खालच्या भांड्यात आरंभी वाळू नव्हतीच कशावरून? मधल्या काळात कोणी वाळू काढली किंवा घातली नाही कशावरून? आणि वाळू नेहमी याच वेगाने गळत होती कशावरून? सारा विरोध या तीन प्रश्नांत मावतो.

त्यांची उत्तरे शास्त्रज्ञांनी विरोधकांसाठी म्हणून शोधली नाहीत. स्वतःची फसगत होऊ नये म्हणून शोधली.

झिरकॉन नावाचे एक टणक, बारीक खनिज आहे. लाव्हा थिजताना त्याचे स्फटिक होतात. या स्फटिकाच्या घडणीत युरेनियमचे अणू सहज सामावतात, शिशाचे सामावत नाहीत. म्हणजे खालचे भांडे आरंभी जवळजवळ रिकामे असते. शिवाय युरेनियम दोन जातींचे असते. एकाचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, दुसऱ्याचे सुमारे ७० कोटी. आणि दोघांपासून शिशाच्या दोन निरनिराळ्या जाती तयार होतात. म्हणजे एकाच स्फटिकात, एकाच डबीत, निराळ्या चालीची दोन घड्याळे आहेत. मधल्या काळात शिसे गळाले असेल तर दोन्ही घड्याळे सारख्या प्रमाणात चुकत नाहीत; ती आपसांत भांडू लागतात, आणि ते भांडण आलेखावर उघड दिसते. दोघांचे वय एकच आले तर डबी फुटली नव्हती असे समजावे. राजीमच्या लेखातली तिथी आणि वार यांची जोडी आपण आता आठवावी. पद्धत तीच आहे.

वेगाबद्दल बोलायचे तर आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो येथे १९७२ मध्ये एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. तेथल्या युरेनियमच्या खाणीत सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निसर्गानेच अणुभट्टी पेटवली होती. तिची राख, म्हणजे भंजनातून उरलेली मूलद्रव्ये, अजून जागेवर आहेत. त्यांचे प्रमाण तपासल्यावर असे दिसले की, अणुगर्भाचे व्यवहार तेव्हाही आजच्यासारखेच चालत होते. याहून बोलका पुरावा खुद्द विरोधकांनीच दिला. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च या त्यांच्या संस्थेने १९९७ ते २००५ या काळात या विषयावर आठ वर्षे प्रकल्प चालवला. शेवटी त्यांनी मान्य केले की, आजच्या वेगाने पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल एवढा किरणोत्सर्ग खडकांत खरोखरच घडून गेलेला आहे. तेव्हा तो पूर्वी काही काळ अतिशय वेगाने झाला असला पाहिजे, एवढीच वाट उरली. पण इतका क्षय काही हजार वर्षांत कोंबला तर निघणाऱ्या उष्णतेने पृथ्वी वितळून जाईल. ही अडचण आपल्याला सुटलेली नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटतो. निष्कर्षाबद्दल वाटत नाही.

त्यांचा आवडता दाखला हवाई बेटांतला आहे. १८००-०१ मध्ये वाहिलेल्या लाव्हाचे वय प्रयोगशाळेत कोट्यवधी वर्षे आले, असे ते सांगतात. मूळ निबंध १९६८ चा आहे. त्यात लाव्हाचे नव्हे, तर लाव्हाने खोलवरून जसेच्या तसे उचलून आणलेल्या परक्या दगडांचे मापन केले होते. अशा दगडांत जुना आरगॉन वायू अडकून राहतो का, हेच तपासायचे होते. घड्याळ कोठे चुकते हे पाहण्यासाठी घड्याळजीने जे काम केले, तेच घड्याळाविरुद्धचा पुरावा म्हणून मांडले गेले.

आता अभनपूरच्या खडकाकडे वळू. कारण घड्याळ खरोखरच चुकल्याचे उदाहरण तेथेच आहे, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी १८८५ च्या सुमारास छत्तीसगडच्या या खडकांची मांडणी केली : खाली चंद्रपूरचे वालुकाश्म, वर रायपूरचे चुनखडक व शेल. हे चंद्रपूर म्हणजे आपले चांदा नव्हे, महानदीकाठचे, तिकडचे. वयाबद्दल अंदाजच होते. स्ट्रोमॅटोलाइटांच्या आकारांवरून त्यांना विंध्य पर्वताच्या वरच्या थरांच्या जोडीला बसवण्यात आले. १९७७ मध्ये चंद्रपूरच्या वालुकाश्मातल्या ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजाचे पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने मापन झाले आणि ७० ते ७५ कोटी वर्षे हे उत्तर आले. खालचा थरच एवढा तरुण, म्हणजे वरचा अभनपूर-रायपूरचा समुद्र त्याहून अलीकडचा, कदाचित पहिल्या प्राण्यांच्या उंबरठ्यावरचा, असे पाठ्यपुस्तकांत बसून गेले.

आणि याच वेळी शेजारच्या विंध्य खोऱ्यात मोठे वादळ उठले. १९९८ मध्ये डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले आर. जे. आझमी यांनी शोण नदीच्या खोऱ्यातील रोहतासगड चुनखडकात सूक्ष्म कवचधारी जीवाश्म मिळाल्याचे प्रसिद्ध केले. असे जीव जगात सर्वत्र सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे, कँब्रियन कालखंडाच्या आरंभीचे समजले जातात. म्हणजे हे खडक तेवढेच तरुण. त्याच वर्षी जर्मनीचे झाइलाखर आणि कोलकात्याचे प्रदीप बोस यांनी एका सहकाऱ्यासह, त्याच खोऱ्यात चोरहट येथे, शंभर कोटींहून जुन्या वालुकाश्मात किड्यांच्या बिळांच्या खुणा दाखवल्या. एकाच खडकसमूहाचे वय एकाने ५४ कोटी सांगावे, दुसऱ्याने ११० कोटी! आझमींच्या जीवाश्मांविषयी कडू शब्द बोलले गेले. ते जीवाश्मच नव्हेत, असेही म्हटले गेले. एका संशोधकाची आयुष्यभराची पत पणाला लागली होती.

२००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी खालच्या विंध्यातल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉन मोजले. दोघांचे उत्तर एकच, सुमारे १६० कोटी वर्षे. आता दोन्ही पक्षांची पंचाईत झाली. एवढ्या प्राचीन काळी किडे असणे कोणालाच पटेना, आणि कवचधारी जीव असणे त्याहूनही अशक्य. मग २००९ मध्ये स्वीडनचे बेंग्टसन आणि सहकारी चित्रकूटजवळच्या फॉस्फेटी खडकाकडे गेले. तेथे आझमींनी सांगितलेल्या आकृती त्यांना मिळाल्या. जीवाश्म खरे होते. पण त्याच फॉस्फेटातल्या शिशावरून खडकाचे वय निघाले १६५ कोटी वर्षे, नऊएक कोटी कमी-अधिक. म्हणजे ते कँब्रियनचे कवचधारी प्राणी नव्हते. त्याहून शंभर कोटी वर्षांनी जुने शैवालतंतू आणि सूक्ष्मजीवांच्या वसाहती होत्या. ज्याला खोटे म्हटले गेले त्याचे नमुने खरे ठरले, पण त्याने सांगितलेला काळ चुकीचा ठरला. आपल्या शास्त्रेतिहासात इतका चमत्कारिक निवाडा दुसरा मला आठवत नाही.

छत्तीसगडचा निवाडा त्या आधी दोन वर्षे झाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सारबानी पत्रनबीस-देब आणि चौधुरी यांनी अमेरिकेतील बिकफर्ड, बसू आदींच्या सहकार्याने रायपूर गटाच्या वरच्या भागातले ज्वालामुखी राखेचे थर शोधले. एक पूर्वेकडे सुखडा येथे, दुसरा दुर्गच्या बाजूला धमधा येथे. समुद्रतळाशी ही राख पडली तेव्हा तिच्यातल्या झिरकॉनची घड्याळे चालू झाली. २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : सुमारे १०० कोटी वर्षे. वरच्या टोकाचा थर जर १०० कोटींचा, तर खालचा चंद्रपूरचा वालुकाश्म ७५ कोटींचा असणे शक्यच नव्हते. ग्लॉकोनाइटच्या घड्याळातून आरगॉन गळून गेला होता. ते खनिज वायू घट्ट धरून ठेवीत नाही, आणि खडक दाबला-तापला की त्याचे घड्याळ मागे पडते. भारताच्या या प्राचीन स्तरांच्या कालक्रमात पन्नास कोटी वर्षांची दुरुस्ती करावी लागेल, असे त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. पुढे पूर्वेकडील सिंघोरा भागात, या खोऱ्याच्या अगदी तळाच्या राखेचे वय सुमारे १४० कोटी आले. खाली १४०, वर १००. क्रम चुकला नाही.

पन्नास कोटी वर्षांची चूक! विरोधक म्हणतील, पाहा, यांचे घड्याळ कसे भरवशाचे नाही. पण ही चूक कोणी पकडली? धर्मग्रंथाने नव्हे, दुसऱ्या घड्याळाने. आणि दुरुस्ती झाली ती कोणत्या दिशेने? खडक अधिक तरुण ठरले नाहीत, अधिक जुने ठरले. ग्लॉकोनाइटवर विश्वास ठेवणाऱ्यांनी आपले उत्तर सोडून दिले, कारण काय दिसले तर आपण चुकलो हे त्यांना आधीपासून माहीत होते. सहा हजार वर्षांच्या बाजूने बोलणाऱ्याला मी एवढेच विचारीन की, कोणता दगड सापडला तर आपण आपला आकडा सोडाल? हिस्लॉपनी तो मनातल्या मनात टाकळीच्या टेकडीवर सोडला असावा.

आपल्या बाजूलाही एक मोह आहे, तो या निमित्ताने बोलून टाकतो. संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युग म्हणतो. त्याचा हिशेब केला तर कल्पारंभापासून १९७ कोटी २९ लाख ४९ हजारांवर वर्षे होतात. पूर्ण कल्प ४३२ कोटींचा, पृथ्वीचे शास्त्रीय वय ४५५ कोटींचे. मग आमच्या ऋषींना हे ठाऊकच होते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण कल्पाचे आकडे ग्रहांची मध्यमगती पूर्ण फेऱ्यांत बसवण्यासाठी ज्योतिष्यांनी योजिलेले आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ग्रंथात ही गणिते विस्ताराने पाहावयास मिळतात. सूर्यसिद्धान्त तर सृष्टी घडण्यासाठी त्यातून १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षे वजा करतो. आणि संकल्पाचा आकडा खरा धरला तर पृथ्वी १९७ कोटींची होते, ४५५ कोटींची नव्हे. अशरचा हिशेब लहान आणि आपला मोठा, एवढ्याने आपला खरा ठरत नाही. एवढा काळ कल्पनेत धरण्याचे धाडस आपल्या पूर्वजांपाशी होते, ही गोष्ट मात्र मोलाची आहे. अशा मनाला टाकळीची गोगलगाय धक्का देत नाही. टाकळीच्या आगेमागे वाहिलेल्या त्या लाव्हाचे वय आता सुमारे साडेसहा ते पावणेसात कोटी वर्षे ठरलेले आहे. हिस्लॉपनी जीवाश्मांवरून तो थर इओसीन, म्हणजे थोडा तरुण मानला होता. बिरबल सहानी यांनीही वनस्पतींवरून तसेच मानले. घड्याळाने दोघांनाही जरा मागे नेले.

अभनपूरच्या खडकाचे काय, हे सांगून थांबतो. तेथल्या प्रत्येक थराचे वय आज आकड्यात सांगता येत नाही. झिरकॉन राखेत मिळतो, आणि राख ज्वालामुखी पेटला तेव्हाच पडते. चुनखडकात घड्याळ बसवलेले नसते. म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ राखेच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या खडकाला खालच्यापेक्षा तरुण आणि वरच्यापेक्षा जुना, एवढेच म्हणतात. सिंघोऱ्याची राख खाली, सुखडा-धमध्याची राख वर, आणि या दोन तारखांच्या मधल्या चाळीस कोटी वर्षांत कोठेतरी त्या समुद्रातली शैवालाची चादर गाळ धरून ठेवीत होती. मधल्या थरांत आणखी एखादी राखेची रेघ सापडते का, ते शोधणारे नदीकाठचे कडे आणि खाणींच्या भिंती उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर, हातोडी घेऊन तपासतात. ही रेघ बहुधा वीतभरही जाड नसते.